रतनपूरचे रामटेक : छत्तीसगडातील मराठी अंमल आणि त्याच्या वास्तुखुणा

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांसमोर उभा राहतो तो पोलादाचा कारखाना. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि अवघ्या चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. ज्या शहराची जन्मतारीख इतकी नेमकी ठाऊक आहे त्या शहराला इतिहास तो कोठून असणार, असा समज आपल्यापैकी अनेकांनी करून घेतला आहे. सेक्टरांच्या क्रमांकांत वाढलेली आपली मुले तर इतिहास म्हटला की रायगड, शनिवारवाडा आणि वेरूळ यांचीच नावे घेतात. सुट्टीत 'गावी' गेल्यावर पाहावयाची ती वस्तू, अशी त्यांची इतिहासाविषयी कल्पना झालेली आहे. वस्तुतः आपण ज्या भूमीवर पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलो ती भूमी इतिहासाने ओतप्रोत भरलेली आहे, आणि त्या इतिहासातील एक मोठे प्रकरण तर मराठीतच घडलेले आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या प्रकरणाचा थोडा मागोवा घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ अगदी घराजवळून करू. आपल्या शेजारचे दुर्ग हे शहर एका जुन्या मातीच्या किल्ल्याभोवती वाढले. सन १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी छत्तीसगडावर स्वारी केली तेव्हा याच दुर्गात त्यांनी आपले ठाणे केले होते आणि गावाच्या उंचवट्यावर खंदक खणून तळ दिला होता. भिलाईच्या सेक्टरांतून आज आपण बाजारहाटाला ज्या दुर्गात जातो, तेथे पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी बोलणारी माणसे राहुट्या ठोकून बसली होती. या मुलखात मराठी भाषा रेल्वेबरोबर आली, किंवा कारखान्याबरोबर आली, असे समजणे म्हणूनच बरोबर नाही.

या स्वारीपूर्वी छत्तीसगडावर रतनपूरच्या कलचुरी अर्थात हैहयवंशी राजांची सत्ता होती. इसवी सनाच्या १००० च्या सुमारास कलिंगराज या राजपुत्राने तुम्माण येथे बस्तान बसविले. पुढे पहिल्या रत्नदेवाने रतनपूर वसविले आणि तेच राजधानीचे नगर झाले. सुमारे साडेसातशे वर्षे हा वंश येथे नांदला. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा असे छत्तीस गड म्हणून हा छत्तीसगड, अशी परंपरा सांगते. राजे देवालये बांधणारे होते. पहिल्या जाजल्लदेवाने वसविलेले जाजल्लपूर म्हणजे आजचे जांजगीर; पाली येथील शिवमंदिराचा जीर्णोद्धारही त्यानेच केला, हे तेथील शिलालेखावरून कळते. रतनपूरची महामाया ही आजही सबंध छत्तीसगडाची आराध्यदेवता आहे. राजिमच्या राजीवलोचन मंदिरात जगपालदेव या सामंताचा शिलालेख आहे. त्यावरील काळ कलचुरी संवत ८९६, म्हणजे इसवी सन ११४५ असा आहे.

या कलचुरी संवताचीही एक मौज आहे. हा संवत इसवी सन २४८–४९ च्या सुमारास सुरू झाला. नाशिकच्या लेण्यांत ज्याचा लेख आहे त्या आभीर राजा ईश्वरसेनाने तो प्रवर्तित केला असावा, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे मत आहे. घारापुरीच्या लेण्यांचा संबंधही त्यांनी आद्य कलचुरी राजांशी जोडलेला आहे. हे मत ग्राह्य धरले तर नाशिकच्या डोंगरात सुरू झालेली कालगणना वाटचाल करीत करीत महानदीच्या तीरावरील एका देवळाच्या भिंतीपर्यंत येऊन पोचली, असे म्हणावे लागते. महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांच्यामध्ये आपण मनाने जेवढे अंतर धरतो, तेवढे अंतर इतिहासाने कधीच धरलेले नाही.

मिराशींचे नाव येथे आदराने थांबून घेतले पाहिजे. कोकणात जन्मलेल्या आणि नागपुरात आयुष्य वेचलेल्या या पंडिताने कलचुरी–चेदी संवताचे शेकडो कोरीव लेख वाचून, त्यांचे पाठ ठरवून, अर्थ लावून १९५५ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले. भिलाईचा करार झाला तेच हे वर्ष. रतनपूरच्या राजांची वंशावळ, त्यांच्या लढाया, त्यांची दाने, त्यांच्या राण्यांची नावे आज जी शाळेच्या पुस्तकांत येतात, त्यांमागे या ग्रंथाचे श्रम आहेत. त्याच सुमारास, १९५३ ते १९५६ या काळात, डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुरातत्त्वज्ञ सिरपूर येथे उत्खनन करीत होते. त्यांनी मातीखालून आनंदप्रभू नावाच्या भिक्षूचा विहार बाहेर काढला. सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. तेथील लक्ष्मणमंदिर वासटा नावाच्या राजमातेने, आपल्या दिवंगत पतीच्या, हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ सातव्या शतकाच्या सुमारास बांधविले. तिचा पुत्र महाशिवगुप्त बालार्जुन याने किमान ५७ वर्षे राज्य केले. या मंदिराचे शिखर विटांचे आहे. दरवाजाची चौकट तेवढी दगडी असून तिच्या माथ्यावर शेषशायी विष्णू कोरलेला आहे. विटेसारख्या ठिसूळ वस्तूचे काम सुमारे तेराशे पावसाळे काढून उभे राहते, याचे नवल पोलादाच्या नगरीत राहणाऱ्या आपल्याला अधिकच वाटावयास हवे.

एवढे दूर जावयाचे नसेल तर आपल्या अंगणातच देवबळोदा आहे. भिलाई-तीन आणि चरोदा यांच्या लगत असलेले तेथील महादेवाचे मंदिर कलचुरींच्या उत्तरकाळातील आहे. ते केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. कोरीव खांबांचा मंडप, बाहेरील भिंतींवर हत्ती, शिकार आणि नृत्य यांची चित्रणे, शेजारी पाण्याचे कुंड आणि माथ्यावर शिखर नाही, अशी त्याची ठेवण. कारागिराने काम अर्धवट टाकून कुंडात उडी घेतली, म्हणून शिखर राहून गेले, अशी कथा गावकरी सांगतात. महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते. आमच्यातील कित्येकांनी तीस-तीस वर्षे कारखान्यात पाळ्या केल्या, परंतु देवबळोद्याचे हे देऊळ एकदाही पाहिले नाही, ही गोष्ट मात्र खरी आहे.

आता मराठी अंमलाकडे वळू. पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, ज्यांना इतिहास भास्करपंत म्हणून ओळखतो, १७४१ मध्ये बंगालच्या मोहिमेवर जात असता रतनपुरावर चालून आले. गादीवर वृद्ध राजा रघुनाथसिंह होता. पुत्रशोकाने तो आधीच खचलेला होता. त्याने फारसा प्रतिकार केला नाही आणि साडेसातशे वर्षांचे राज्य जवळजवळ लढाईवाचून हातचे गेले. भास्करपंत पुढे १७४४ मध्ये बंगालमध्ये अलीवर्दीखानाच्या कपटाला बळी पडले. रतनपूरच्या गादीवर काही वर्षे भोसल्यांच्या वतीने हैहयवंशीयांपैकीच राजे बसत राहिले. रघूजींच्या मृत्यूनंतर त्यांच्या चार पुत्रांत दौलतीची वाटणी झाली आणि छत्तीसगड बिंबाजी भोसले यांच्याकडे आला. १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजींनी रतनपुरात राहून कारभार केला. नागपूरच्या दृष्टीने हा दूरचा सुभा. परंतु बिंबाजी तेथे केवळ वसुलीसाठी आले नाहीत, घर करून राहिले. कारभारात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याची चाल या भागात त्यांच्यामुळेच रुजली असे सांगतात.

बिंबाजींची सर्वांत टिकाऊ खूण म्हणजे रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर. लोक त्या जागेला रामटेकरी म्हणतात. नागपूरजवळच्या रामटेकाशी भोसले घराण्याचा जिव्हाळा सर्वश्रुत आहे. पहिल्या रघूजींनी तेथील देवस्थानाचा जीर्णोद्धार केला होता. पित्याच्या भक्तिस्थानाची आठवण मनात घेऊन पुत्राने शेकडो मैलांवरील परक्या राजधानीत एक टेकडी निवडली, तीवर रामपंचायतनाची स्थापना केली आणि तिलाही रामटेकाचेच नाव मिळाले. राज्यकर्त्याच्या या कृतीत वैभवाचे प्रदर्शन असेल, भक्ती असेल. परंतु आम्हांस तीत आणखीही एक भावना दिसते. घरापासून दूर राहणारा माणूस आपल्या गावाचे नाव नव्या जागेला देतो तेव्हा तो ती जागा जिंकत नसतो, आपली करून घेत असतो. आपल्या वसाहतींतून गणपती बसतो, दारात गुढी उभी राहते, ती याच भावनेने. राजपुत्राला टेकडी परवडली, आपल्याला क्वार्टरचे अंगण पुरले, एवढाच काय तो फरक.

ही गोष्ट केवळ आपलीच नाही. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचे बेट आहे. पूर्व रोमन, म्हणजेच बायझंटाइन साम्राज्याचा तो दूरचा प्रांत. राजधानी कॉन्स्टँटिनोपल समुद्रापलीकडे. तेथील ट्रूडोस पर्वताच्या दऱ्यांत गावकऱ्यांनी आणि मठवासीयांनी लहान लहान चर्चे बांधली आणि त्यांच्या भिंती आतून राजधानीच्या शैलीतील चित्रांनी भरून टाकल्या. असिनू येथील चित्रे ११०५–०६ ची आहेत. पुढे ११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याने बेट जिंकले आणि साम्राज्याची सत्ता तेथून कायमची गेली. परंतु लगुदेरा गावच्या चर्चमधील अत्यंत सुंदर चित्रांवर काळ घातलेला आहे तो ११९२ चा. म्हणजे सत्ता गेल्यानंतरच्याच वर्षी चित्रकार भिंतीपुढे उभा होता! पुढे फ्रेंच घराणे आले, व्हेनिसवाले आले, तुर्क आले, इंग्रज आले. पर्वतातील लोकांनी चर्चेवर उतरत्या छपरांचे आच्छादन घालून ती जपली. १९८५ मध्ये त्यांपैकी नऊ चर्चे जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि २००१ मध्ये दहावे. स्वतः साम्राज्य १४५३ मध्येच नष्ट झाले होते. राज्याच्या खुणा राज्यापेक्षा अधिक काळ टिकतात, त्या राज्यकर्त्यांमुळे नव्हे. त्यांत रोज दिवा लावणाऱ्या माणसांमुळे. रतनपूरच्या रामटेकरीलाही हाच न्याय लागू आहे. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये संपले. त्यानंतर ते देऊळ जिवंत ठेवले ते पायऱ्या चढून दर्शनाला येणाऱ्या छत्तीसगडी भाविकांनी.

येथे एक कडू सत्यही सांगितले पाहिजे, कारण स्मरणिकेत केवळ गौरवच छापावा असा काही नियम नाही. बिंबाजींच्या पश्चात १७८७ पासून नागपूरकरांनी छत्तीसगडात सुभेदार नेमण्याची पद्धत सुरू केली. महिपतराव दिनकर हे पहिले सुभेदार. विठ्ठलराव दिनकर यांनी १७९० च्या सुमारास परगण्यांची व्यवस्था लावली. ही व्यवस्था पुढे दीर्घकाळ टिकली, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. परंतु सुभ्याचा पैसा नागपुरास जावयाचा आणि सुभेदाराची योग्यता त्याने किती पाठविला यावर ठरावयाची, असा हा काळ होता. रयतेची स्थिती खालावली, बंदोबस्त सैल झाला. १८१८ नंतर काही वर्षे इंग्रजांनी अधीक्षक नेमून कारभार आपल्या हाती घेतला. राजधानी रतनपुराहून रायपुरास गेली आणि रतनपुराची कळा उतरली. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने पुढील वर्षी राज्य खालसा केले.

म्हणून आमच्या मुलांनी जर विचारले की, 'मराठ्यांचे राज्य येथे होते, तर ते चांगले होते की वाईट?', तर एका शब्दात उत्तर देता येणार नाही. एकाच सत्तेच्या शंभरेक वर्षांत घर करून राहिलेले बिंबाजी आहेत आणि थैल्या मोजणारे सुभेदारही आहेत. छत्तीसगडच्या शेजाऱ्याशी बोलताना आपण यांपैकी पहिली गोष्टच तेवढी सांगत राहिलो तर तो सभ्यपणे ऐकून घेईल. परंतु त्याच्या आजोबांनी त्याला दुसरी गोष्ट सांगितलेली असते, हे आपण विसरू नये. पूर्वजांचा अभिमान बाळगावयाचा तर त्यांच्या हिशेबाची दोन्ही पाने वाचली पाहिजेत.

राज्य गेल्यानंतर मात्र मराठी माणसांनी या भूमीला जे दिले त्याचा हिशेब अधिक स्वच्छ आहे. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक होते माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तर प्रकाशनाचा भार उचलला वामन बळीराम लाखे यांनी. तिघेही मराठी. सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही १९०१ मधील कथा हिंदीतील आरंभीच्या कथांत गणली जाते. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' त्यांनीच हिंदीत नेला. लाखे यांनी रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घातला. आपल्या अगदी शेजारच्या राजनांदगावात, जुन्या राजवाड्याच्या आवारातील दिग्विजय महाविद्यालयात, १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवीत होते. घरची भाषा मराठी, बंधू शरच्चंद्र मराठीचे नामवंत कवी, आणि गजाननराव आधुनिक हिंदी काव्याचे एक शिखर. तलावांच्या काठी ज्या जुन्या वास्तूत ते राहिले, ती आज त्यांच्या स्मारकाच्या रूपाने जपलेली आहे. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा आपली पहिली झोतभट्टी पाच वर्षांची होती.

या माणसांत आणि बिंबाजींच्या रामटेकरीत एक साम्य आहे. त्यांनी आणले ते मराठी, परंतु रुजविले ते येथल्या मातीत, येथल्या भाषेत. म्हणूनच ते टिकले. १९५६ पर्यंत छत्तीसगड आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, नागपूर ही दोघांची राजधानी होती. पुढे सीमा बदलल्या, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले. नकाशे बदलत राहिले. राजिमची यात्रा आणि महामायेची नवरात्र मात्र चुकली नाही.

वारसा टिकतो तसा हरवतोही. सायप्रसमध्ये लिथ्रांगोमी गावच्या कनकारिया चर्चमधील सहाव्या शतकातील रत्नखचित वाटावी अशी मोझेक-चित्रे १९७४ नंतरच्या धामधुमीत चोरांनी भिंतीवरून उखडून परदेशात विकली. १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ती परत करण्याचा निकाल दिला. आपल्या सिरपुरात १९३९ मध्ये धातुमूर्तींचा एक अपूर्व साठा सापडला. त्यांतील काही मूर्ती रायपूरच्या संग्रहालयात आहेत, काही इतरत्र पांगल्या आणि तारा देवीची एक अप्रतिम मूर्ती आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. रायपूरचे हे संग्रहालय राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये स्थापन केलेले, देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक. तेथे आपल्या मंडळाची सहल किती वेळा गेली, हे प्रत्येकाने आपल्याशीच आठवून पाहावे.

परंतु मूर्ती चोरीला जातात, कागद मात्र आपणच टाकून देतो. रायपूर, बिलासपूर, रतनपूर, दुर्ग या भागांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी घराण्यांत मोडी कागदांची गाठोडी असतात. इनामाचे कागद, हिशेबाच्या वह्या, सोयरिकीची पत्रे. वाचता येत नाही म्हणून ती माळ्यावर जातात, आणि घर बदलताना रद्दीत. दगडी देवळावर पुरातत्त्व खात्याचा फलक तरी लागतो. या कागदांवर कोण फलक लावणार? सुभ्याच्या कारभाराची जी दुसरी बाजू आम्ही वर सांगितली तिचा खरा पुरावाही याच गाठोड्यांत असावयाचा. ती गेली की आपल्याजवळ केवळ अभिमान उरेल, आणि पुराव्यावाचूनचा अभिमान फार काळ टिकत नाही.

यास्तव सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने तीन लहान कामे हाती घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. पहिले, मोडी वाचनाचा एक वर्ग. चार तरुण शिकले तरी पुष्कळ झाले. दुसरे, ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते टाकण्यापूर्वी मंडळाला दाखवावेत, त्यांची छायाचित्रे घेऊन मूळ कागद घरच्यांना परत द्यावेत. तिसरे, दरवर्षी एक सहल: एका वर्षी देवबळोदा, एका वर्षी सिरपूर, एका वर्षी राजिम, एका वर्षी रतनपूर, आणि या सहलीला आपल्या छत्तीसगडी शेजाऱ्यांनाही आग्रहाने बोलवावे, कारण ती देवळे मुळात त्यांची आहेत आणि ती आपल्याला दाखविण्याचा मान त्यांचाच आहे.

बिलासपूरहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर रतनपूर लागते. तेथे आधी महामायेचे दर्शन घ्यावे, मग रामटेकरी चढावी. एक कलचुरींची देवी, दुसरा भोसल्यांचा राम; दोहोंपुढे नारळ फोडणारे हात एकच आहेत. या मुलखात आपण कोण, हा प्रश्न आपल्या नव्या पिढीला कधी ना कधी पडणारच आहे. त्याचे उत्तर देण्यास त्या टेकडीइतकी चांगली जागा आम्हांस दुसरी सुचत नाही.